गांजा, वेड आणि दफ्तरी नोंद

गांजाने वेड लागते, हे मत एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांच्या आधारे प्रमाण मानले जाई. १८९३ साली डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सात सदस्यांच्या भांग-गांजा आयोगाने या आकड्यांचे मूळ तपासले. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण भांग-गांजा असे नोंदलेले होते. फेरतपासणीत ही संख्या ९८ वर आली. त्यांतील ३७ प्रकरणी अन्य कारणेही मिसळलेली होती. रुग्णाबरोबर आलेल्या पोलिसी कागदांत गांजाचा उल्लेख असला की कारणाचा रकाना भरून निघे, इतर कारणांची चौकशी तेथेच थांबे, आणि तीच नोंद वार्षिक अहवालात वैद्यकीय निष्कर्ष म्हणून प्रकट होई. अतिसेवनाचे अपाय आयोगाने नाकारले नाहीत. तथापि मित सेवनाने बहुधा हानी होत नाही असे ठरवून त्याने सरसकट बंदीऐवजी नियंत्रण व कर यांची शिफारस केली. व्यसनी मनुष्यावरील कलंक केवळ लोकमतातून उपजतो असे नव्हे. शासकीय दफ्तरही त्यास शास्त्राची प्रतिष्ठा देते. म्हणून व्यसनविषयक आकडेवारी वापरताना ‘कारण’ हा रकाना कोणी व कशाच्या आधारे भरला, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.