वर्टला जाड बूड लागत नाही

घरी बियर करणाऱ्या मंडळींत एक मत सिद्धांतासारखं सांगितलं जातं. स्टेनलेस स्टीलचं पातेलं घ्यायचं तर तीन थरांच्या जाड बुडाचंच घ्या, मध्ये ॲल्युमिनियम आणि दोन्ही अंगांना पोलाद. पातळ बुडाच्या पातेल्यात वर्ट, म्हणजे बियर होण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, करपतो आणि बियरला जळका वास येतो. मला हे मत मान्य नाही. नवशिक्याचे पैसे ते बुडात घालायला लावतं, आणि ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायलाच हवेत तिथे त्याचा हात आखडतो.

हा छंद खरा फोफावला तो अमेरिकेत. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिथे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बियर करमुक्त झाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं सगळ्यात शेवटी, २०१३ मध्ये राजी झाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. तेव्हा पुढचं विवेचन ज्यांना कायद्याने मुभा आहे त्यांच्यासाठी, परदेशातली मराठी घरं त्यात आलीच.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. स्टेनलेस स्टील उष्णतेचा मंद वाहक आहे, यात वाद नाही. ३०४ प्रतीच्या पोलादाची वाहकता साधारण १६ वॅट प्रति मीटर-केल्विन, शुद्ध ॲल्युमिनियमची २३५ च्या घरात, तांब्याची ४०० च्या. त्यामुळे ज्वाळ लागते तिथेच बूड जास्त तापतं, उष्णता आडवी पसरत नाही. मराठी माणसाला हे लगेच पटतं, कारण बासुंदी आटवायला जाड बुडाचं पातेलं लागतं हे त्याने घरी पाहिलेलं असतं.

पण वर्ट म्हणजे बासुंदी नव्हे. मोड आणून वाळवलेल्या सातूचं, म्हणजे माल्टचं, भरड कोमट-गरम पाण्यात मुरवून गाळलेलं ते गोड पाणी आहे. त्यात बहुतांश पाणीच असतं आणि ते पाण्यासारखंच वाहतं. बुडाशी तापलेला थर हलका होऊन वर येतो, त्याच्या जागी थंड थर उतरतो. उकळी फुटल्यावर तर बुडबुडेच सगळं घुसळत राहतात. उष्णतेची खरी अडवणूकही धातूत होत नाही, ती ज्वाळ आणि धातू यांच्यामधल्या वायूच्या थरात होते. साधा हिशेब करून पाहा. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या बुडातून ५ किलोवॅट उष्णता आत जात असेल, तर एक मिलिमीटर जाडीच्या पोलादाच्या दोन बाजूंच्या तापमानांत जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पडतो. ज्वाळ एका कड्यात एकवटली म्हणून तिप्पट धरा, तरी दहाच्या आसपास. माल्टोजचं कॅरमल व्हायला १८० अंशांच्या जवळ जावं लागतं. उकळत्या वर्टखालचं बूड तिथपर्यंत पोचत नाही.

अनुभवाचा दाखलाही याच बाजूचा आहे. तयार पातेली स्वस्त होण्याआधी अमेरिकेतले कितीतरी हौशी ब्रूअर साडेपंधरा गॅलनचं, म्हणजे सुमारे ५८ लिटरचं, बियरचं स्टीलचं पिंप वरून कापून त्यातच वर्ट उकळत. (पिंप बियर कंपनीच्या मालकीचं असतं; अनामत भरली म्हणून ते आपलं होत नाही, रीतसर विकतच घ्यावं लागतं.) त्या पिंपाचं बूड एकेरी, आणि खाली प्रोपेनची दणदणीत शेगडी. त्या भांड्यांतून उत्तम, फिकट, स्वच्छ चवीच्या बियरी निघाल्या.

मग करपतं ते कशाने? माल्टचा पाक बाटलीतून थेट ज्वाळेवरच्या पातेल्यात ओतला की तो जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि तिथे जळतो. आच बंद करावी, पाक पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं, मग पुन्हा पेटवावं. भरडाची पिशवी बुडाला टेकलेली असताना खाली जाळ लावला तरी हेच होतं. पूर्वपक्षाला एक जागा मात्र मोकळ्या मनाने द्यायला हवी: दाण्यांसकट घट्ट भरड वेगळं काढून उकळण्याची जुनी बोहेमियन पद्धत जो वापरतो, त्याला जाड बुडाचा खरोखर उपयोग होतो. इंडक्शनवर उकळणाऱ्यालाही बूड पाहूनच घ्यावं लागतं, कारण ३०४ चुंबकीय नसतं आणि बुडाला ४३० प्रतीचा थर नसेल तर शेगडी ते भांडं ओळखतच नाही.

आता पैसे कुठे घालावेत? आकारमानात. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बियर हवी असेल तर उकळीला २५ ते २७ लिटर वर्ट घ्यावा लागतो, आणि ३० लिटरच्या पातेल्यात तो मावतो म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. उकळी फुटायच्या जरा आधी काय होतं ते पाहिलेला माणूस ते घेणार नाही. प्रथिनांचा तांबूस फेस घड्या घालत चढू लागतो, त्याला भेगा पडतात, क्षणभर सगळं थबकल्यासारखं वाटतं आणि मग अर्ध्या मिनिटात फेस काठावर येतो. बियरला कडवटपणा देणारे हॉप्स पहिल्यांदा टाकले की पुन्हा तेच. झाकण ठेवून भागत नाही, कारण फिकट माल्टमधून तयार होणारं, उकडलेल्या मक्यासारख्या वासाचं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर पडावंच लागतं. म्हणून ३८ लिटर, म्हणजे दहा गॅलनचं पातेलं घ्यावं, उंची रुंदीइतकी किंवा थोडी जास्त. फार पसरट घेतलं तर तासाभरात वर्ट नको इतका आटतो.

दुसरा खर्च तोटीवर. २५ लिटर उकळता वर्ट पातेल्यासकट तीस किलोच्या आसपास भरतो. तो कोणीही उचलून ओतू नये, आणि जाड बूड त्या वजनात भरच घालतं. तोटी पूर्ण सुटी करून धुता येणारी हवी. तिच्या खाचेत साचलेला हॉप्सचा गाळ पुढच्या खेपेला वर्टमध्ये उतरतो.

भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टील पारखायची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे, पण तीही इथे फसवते. मँगनीजवाल्या २०१ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ ला ओढून वळवलेल्या कडांशी किंचित चिकटतो. प्रत विचारून, लिहून घ्यावी. ३१६ साठी जादा पैसे देण्याचं कारण नाही. त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडला तोंड द्यायला असतं, आणि वर्टमध्ये ते इतकं नसतं. क्लोराइडचा धोका येतो तो धुण्यातून. ब्लीचचं पाणी रात्रभर भरून ठेवलं की पोलादाला बारीक खड्डे पडतात, बूड तीन थरांचं असो की एका; त्याऐवजी सोडियम पर्कार्बोनेट आणि कढत पाणी वापरावं.