वायॲला अजून नकाशावर आहे

आमच्या धंद्यात एक अपयश फार छळतं. कोड बरोबर असतो, सगळ्या टेस्ट पास होतात आणि तरी युजर म्हणतो, ‘मला नको हे.’ ऑस्ट्रेलियाच्या कार्बन टॅक्सबद्दल वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

२०१० च्या निवडणुकीआधी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी सांगितलं होतं की त्यांचं सरकार कार्बन टॅक्स आणणार नाही. बहुमत हुकलं, ग्रीन्स आणि अपक्षांचा टेकू घ्यावा लागला, आणि १ जुलै २०१२ पासून मोठ्या प्रदूषक कंपन्यांना टनामागे २३ डॉलर भरावे लागले. खरं तर तो टॅक्सही नव्हता, काही वर्षांनी बाजारभावावर जाणाऱ्या परवान्यांची ती ठरावीक किंमत होती. पण शब्दावरून कशाला भांडायचं म्हणून गिलार्ड यांनी ‘टॅक्स’ हे नाव मान्य करून टाकलं. पुढे त्यांना याचा पस्तावा झाला.

हिशेब मात्र सुंदर होता. सरकारी अंदाजानुसार सरासरी घराचा खर्च आठवड्याला ९.९० डॉलरने वाढणार होता आणि भरपाई मिळणार होती १०.१० डॉलर. त्यासाठी आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून थेट १८,२०० डॉलरवर नेली. इथेच गोची झाली. आयकर पगारातून आधीच कापला जातो, त्यामुळे तिथे मिळालेली सूट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वीजबिल मात्र दर तिमाहीला घरी येतं. ते बिल आधीपासूनच फुगत होतं, मुख्यतः खांब आणि तारांवरच्या खर्चामुळे. पण खापर फुटलं कार्बनवर.

विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांना हे नेमकं कळलं होतं. २००९ मध्ये ते फक्त एका मताने, ४२ विरुद्ध ४१, पक्षनेते झाले होते. वायॲला या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोलादाच्या गावाबद्दल ते म्हणाले की टॅक्समुळे हे गाव नकाशावरून पुसलं जाईल. पोलाद उद्योगाला बहुतेक परवाने फुकट मिळणार होते, वर ३० कोटी डॉलरची वेगळी मदतही होती. पण ज्याचं घर एकाच कारखान्यावर चालतं, त्याने ‘परवान्यांचं प्रमाण’ वाचत बसावं अशी अपेक्षा करणं मला तरी जमत नाही. आणि दिलेला शब्द मोडला होता, हेही खरंच होतं.

२०१३ मध्ये ॲबट जिंकले. १७ जुलै २०१४ ला कायदा रद्द झाला. वीजनिर्मितीतलं उत्सर्जन त्या दोन वर्षांत घटलं होतं, पण तेव्हा ते कोण मोजतंय? वायॲलाच्या पोलाद कारखान्याची मालक कंपनी एप्रिल २०१६ मध्ये बुडीत निघाली, तेव्हा कार्बन टॅक्स जाऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. तिला खाल्लं ते कर्जाने आणि पडलेल्या भावांनी. २०१७ मध्ये ॲबट यांच्या माजी चीफ ऑफ स्टाफ पेटा क्रेडलिन यांनी टीव्हीवर कबूल केलं की तो कार्बन टॅक्स नव्हताच, आम्ही तो खिशाचा प्रश्न बनवला.

आपल्याकडे १ जुलै २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला आणि २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळून गेला. आठपट वाढ झाली, पण सरकार पडणं सोडाच, आमच्या घरी त्यावर कधी चर्चाही झाली नाही. परवा वीजबिल काढून पाहिलं. वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळशाच्या उपकराची वेगळी ओळ कुठेच नव्हती.