दीपा कर्मकार यांची कारकीर्द : गुणपत्रिकेच्या आधारे एक विचार

क्रीडेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे पदकांच्या याद्यांवर फार भिस्त ठेवली जाते. पदक मिळाले की नोंद होते. हुकले की दोन शब्द हळहळ व्यक्त करून लेखक पुढे जातो. आगरतळ्याच्या जिम्नॅस्ट दीपा कर्मकार यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. 14 ऑगस्ट 2016 रोजी रिओ दि जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत त्यांना चौथे स्थान मिळाले व कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. हा आकडा सर्वांना पाठ आहे. तथापि त्याच गुणपत्रिकेतील अन्य आकडे अधिक बोलके आहेत.

व्हॉल्टमध्ये प्रत्येक उडीला दोन प्रकारचे गुण मिळतात : एक उडीच्या काठिण्याचे, दुसरे ती किती निर्दोषपणे केली याचे. अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी धरतात. कर्मकार यांच्या पहिल्या उडीचे काठिण्य 6.0 व निर्दोषतेचे गुण 8.866 होते. दुसरी उडी ‘प्रोदुनोवा’, म्हणजे टेबलावर हात टेकून हवेत पुढील बाजूस दोन कोलांट्या घेणे व पायांवर उतरणे. तिचे काठिण्य 7.0, निर्दोषता 8.266. सरासरी 15.066.

आता सुवर्णपदक विजेत्या सिमोन बाइल्स यांच्याशी तुलना करून पाहावी. त्यांच्या उड्यांचे काठिण्य 6.3 व 6.4 होते, म्हणजे सरासरीने कर्मकार यांच्याहून 0.15 कमीच. त्यांची एकूण सरासरी मात्र 15.966, म्हणजे 0.900 ने अधिक. हे सारे अंतर, किंबहुना त्याहून थोडे अधिकच, निर्दोषतेच्या रकान्यात पडलेले आहे. वृत्तपत्रांनी या उडीला ‘मृत्यूची उडी’ असे भडक नाव दिले. त्या नावाने धाडस डोळ्यांत भरले, परंतु गणित झाकले गेले.

निर्दोषता ही वर्षानुवर्षांच्या साधनसामग्रीतून येते. आपल्या महाराष्ट्राला मल्लखांबाची परंपरा आहे. जमिनीत पुरलेल्या एका लाकडी खांबावर तालमीच्या दोन-तीन पिढ्या तयार होऊ शकतात. व्हॉल्टचे तसे नाही. 25 मीटर धाव, उसळी देणारा बोर्ड, 125 सेंटिमीटर उंचीचे टेबल आणि उतरण्याच्या जागी पुरेशा जाडीच्या गाद्या, यांतील एकही गोष्ट नसेल तर सराव अपुरा राहतो. आगरतळ्यात आरंभीच्या काळी जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून सरावाचे साधन बनविल्याचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. त्यातच त्यांचे तळपाय जन्मतः सपाट. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी प्रोदुनोवा निवडली ती या पार्श्वभूमीवर. उतरताना झालेल्या चुकांची कपात काठिण्याच्या जादा गुणांतून भरून काढता येईल, असा तो हिशेब असावा. माझ्या मते यात बेफिकिरी नव्हती. हाताशी असलेले एकमेव भांडवल लावलेले होते. ग्लासगोत कांस्यपदक मिळाले. ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तत्पूर्वीचा भारतीय जिम्नॅस्ट 1964 मध्ये, बावन्न वर्षांपूर्वी, उतरला होता.

पुढे हे भांडवलच घटले. रिओनंतरच्या नव्या गुणसंहितेत प्रोदुनोवाचे काठिण्य 7.0 वरून 6.4 वर आले. 2017 मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये घेतलेल्या चाचणीत हायजिनामाइन हे निषिद्ध द्रव्य आढळल्याने 21 महिन्यांची बंदी आली, ती जुलै 2023 मध्ये संपली. चरित्रकारांना हे प्रकरण अडचणीचे वाटते. इतिहासकाराने ते गाळता कामा नये.

या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट मात्र सहसा नोंदली जात नाही. 2018 मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे विश्व आव्हान चषकाचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले, ते प्रोदुनोवाशिवाय. मे 2024 मध्ये ताश्कंद येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या, तेव्हाही ती उडी त्यांनी केली नाही. तेथील सरासरी 13.566, रिओहून दीड गुणाने कमी. जिच्यामुळे त्यांचे नाव झाले ती उडी बाजूला ठेवून, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर, तिशी ओलांडल्यावर त्यांनी हे पदक मिळविले. 7 ऑक्टोबर 2024 रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांचे मथळे पुन्हा रिओच्या चौथ्या क्रमांकाकडेच वळले.