सशाची बाहुली, बेडकाचं हृदय

केंब्रिज, 1889. आत या, पण टेबलाला धक्का लागू देऊ नका. भूल दिलेला ससा आडवा पडलाय. मानेची एक बाजू उघडलेली, आत जेमतेम काही मिलिमीटरची चेतातंतूंची गाठ. डॉक्टरांच्या भाषेत गँग्लिऑन. लँग्ली आणि डिकिन्सन हे दोघे संशोधक तिच्यावर वाकलेत. गाठीच्या छातीकडच्या तंतूला विजेचा हलका झटका बसतो. तुम्ही मानेकडेच बघत राहिलात तर हुकाल. डोळा बघा: बाहुली झर्रकन मोठी झाली.

आता बारीक कुंचला. त्याचं टोक निकोटिनच्या पातळ द्रावणात बुडतं आणि गाठीवरून फिरतं. थोडा वेळ थांबून पुन्हा तोच झटका. बाहुली ढिम्म. गाठीच्या वरच्या बाजूला झटका दिला, तर ती पुन्हा मोठी होते. म्हणजे तंतू शाबूत आहेत. बंद पडलाय तो मधला सांधा. निरोप गाठीत एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जातो, आणि निकोटिननं तिथंच अडवणूक केली. लँग्लीला तंबाखूचं सोयरसुतक नाही. त्याला आपल्या आज्ञेविना चालणाऱ्या यंत्रणेचा नकाशा हवाय, आणि विषाइतकं नेमकं हत्यार दुसरं कुठलं मिळणार?

पुढे चला. ऑस्ट्रियातलं ग्राझ, 1921. ऑटो लोवीच्या प्रयोगशाळेत बेडकांची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडताहेत. पहिल्याची व्हेगस चेता उत्तेजित होते, ठोके मंदावतात. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावतं. चेतेनं हृदयाला रसायनातून निरोप धाडला होता! (ही कल्पना स्वप्नात सुचली असं लोवी पुढे सांगत असे.) ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. सशाच्या गाठीत निरोप पोचवणारंही तेच, आणि निकोटिन तिथं त्याचं सोंग घेतं. फार झालं तर सांधा ठप्प. सिगारेटमधून येतं तेवढं मिळालं, तर तो चेकाळतो.

तुमच्या छातीत काय चाललंय ते आता लक्षात येईल. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास धडधडेल. निवांत बसल्यावर ते सत्तरीत राहतं, कारण व्हेगसनं लगाम धरलेला असतो. श्वासागणिक तो सैल-घट्ट होतो, म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतरही बदलत राहतं. झुरका ओढला की शरीराला चेतवणाऱ्या, म्हणजे सिंपथेटिक चेतांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन सुटतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. लगाम ढिला पडतो, ठोक्यांमधला फरक आक्रसतो. सवयीनं धूम्रपान करणाऱ्यांत तो एरवीही कमीच आढळतो.

आणखी एक मुक्काम: अमेरिकेतलं आयोवा, 1990 चं दशक. खुर्चीत स्वयंसेवक, गुडघ्याजवळच्या चेतेत केसासारखी सुई, आणि पायाच्या रक्तवाहिन्यांकडे निघालेले निरोप स्पीकरवर ऐकू येताहेत, फस्स, फस्स. तो सिगारेट ओढतो. तुमची अपेक्षा असेल की आवाज वाढेल. तो कमी होतो! संशोधक चक्रावून जात नाहीत: रक्तदाब चढला की मानेतल्या धमनीतले दाबमापक मेंदूला कळवतात आणि मेंदू निरोप आवरतो. मग औषधानं तो चढ रोखून धरतात, म्हणजे तक्रार करायला दाबमापकांकडे कारणच उरत नाही. आता सिगारेट पेटवली की स्पीकरवर निरोपांची गर्दी होते. सिगारेट सिंपथेटिक निरोप वाढवते ही गोष्ट खरी होती, फक्त शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीनं ती झाकली होती. नाकासमोर मोजणाऱ्याला ती कधीच दिसली नसती.

सुई निघते. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. दिवसभर ओढणारा त्याआधीच पुढची पेटवतो, आणि नाडी खाली यायला झोपेची वाट बघावी लागते. पूर्ण सोडली तर मात्र पहिल्या काही दिवसांतच ती उतरू लागते.