स्टुडेबेकर : एका घराण्याचे देणे

मोटारगाडीचा इतिहास म्हटला की पहिले नाव हेन्री फोर्डचे येते, आणि त्यात वावगे काही नाही. ज्याने मोटार सामान्य माणसाच्या दारात आणून उभी केली, त्याचे नाव आधी घेतलेच पाहिजे. परंतु मला स्वतःला जिंकलेल्यांच्या कथांपेक्षा बुडालेल्या घराण्यांच्या कथा अधिक ओढ लावतात. जिंकणारा का जिंकला हे तो स्वतःच सांगत सुटतो. बुडणाऱ्याची हकीकत मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगावी लागते. दिवाळीत पेढ्यापेढ्यांवर वह्यांचे पूजन होते आणि जमाखर्चाचे नवे पान उघडते. त्याच मुहूर्तावर एका अमेरिकन घराण्याची जुनी वही आपण उघडून पाहू या. तिच्यात जमा पुष्कळ आहे. पण शेवटच्या पानावर एक देणे राहून गेलेले आहे, आणि माझे लक्ष त्यावरच आहे.

या घराण्यातला बाप जॉन स्टुडेबेकर. धंदा लोहाराचा आणि गाडे बनविण्याचा. पंथाने तो डंकर्ड, म्हणजे साधी राहणी पाळणाऱ्या आणि शस्त्र हाती न धरणाऱ्या जर्मन वंशाच्या ख्रिस्ती लोकांपैकी. हात कसबी, पण हिशेबाची बाजू लंगडी. उधारी वसूल होत नसे आणि कर्ज वाढत जाई. तरीही, 'परस्परांवरील प्रेमाखेरीज कुणाचे काही देणे लागू नये' अशा अर्थाचे धर्मवचन त्याने आपल्या दुकानाशी लावून ठेवले होते, अशी आठवण घराण्याच्या इतिहासात सांगितली जाते. कर्जात बुडालेल्या माणसाने हे वचन रोज डोळ्यांपुढे ठेवावे, यात जेवढा विरोधाभास आहे तेवढाच प्रामाणिकपणाही आहे.

त्याला पाच मुलगे. त्यांपैकी हेन्री आणि क्लेमेंट या दोघांनी १८५२ च्या फेब्रुवारीत इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी लोहारकामाचे दुकान थाटले. भांडवल ६८ डॉलर आणि भात्याऐरणीचा सरंजाम. तिसरा भाऊ जॉन मोहलर. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाकाटी झाली होती, तेव्हा तोही १८५३ मध्ये तिकडे निघाला. पण तिकडे जाऊन त्याने सोने खणले नाही. सोने खणणाऱ्यांना लागणाऱ्या एकचाकी हातगाड्या तो करू लागला. प्लेसरव्हिल गावात त्याला लोक 'हातगाडीवाला जॉनी' म्हणत. सोन्यामागे धावलेले बहुतेक रिकाम्या हाताने परतले. हा पाच वर्षांनी ८,००० डॉलर घेऊन घरी आला.

तो आला तेव्हा दुकानाला पैशाची निकड होती, आणि थोरल्या हेन्रीच्या मनात वेगळीच घालमेल चालू होती. लष्करासाठी गाड्या करण्याचे काम दुकानाकडे येऊ लागले होते. युद्धाला हातभार लावणे त्याच्या पंथाला मान्य नव्हते. त्याने आपला हिस्सा जॉनला विकला आणि शेती पत्करली. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या सैन्यासाठी गाड्या करता करता साउथ बेंडचे दुकान कारखाना बनले. हेन्रीची आठवण त्या वैभवाच्या काळात कुणाला राहिली असेल ते असो. घराण्यातला पहिला हिशेब मात्र त्याने चोख मिटवला होता.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लोकांच्या कसबाची कल्पना येईल. लहानपणी आमच्या गावच्या लोहाराच्या भट्टीपुढे मी तासन्‌तास बसलेला आहे. धाव लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे आरे करकचून एकमेकांत रुततात. लाकूड ओले असले तर पुढे ते सुकते, धाव सैल होते आणि चाक खिळखिळे होते. साउथ बेंडलाही विद्या हीच. लाकूड वर्षानुवर्षे सुकवून मगच गाडीला लावायचे, हा त्या भावांचा कटाक्ष होता. त्यांची गाडी घेऊन पश्चिमेच्या ओसाड मुलखात जाणाऱ्या शेतकऱ्याला वाटेत दुसरे चाक मिळणार नव्हते. १८७२ आणि १८७४ अशा दोन आगींत कारखाना होरपळला. दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. गाड्या बनविणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना, असा लौकिक त्याने मिळविला.

*

घोड्यांच्या गाड्या करणारे अमेरिकेत हजारोंनी होते. मोटारी आल्या आणि त्यांच्यातले बहुतेक नामशेष झाले. स्टुडेबेकर टिकले, कारण त्यांनी वेळीच कूस बदलली. १९०२ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी मोटार काढली. आज विजेची मोटार हे नवे आश्चर्य म्हणून आपण पाहतो, त्याला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत. १९०४ पासून पेट्रोलच्या गाड्या निघू लागल्या. १९११ मध्ये नवी कंपनी स्थापन झाली आणि १९२० मध्ये घोड्यांच्या गाड्यांचे काम कायमचे थांबले. हातगाडीवाला जॉनी १९१७ पर्यंत जगला. एकचाकी हातगाडीपासून पेट्रोलच्या मोटारीपर्यंतचा सगळा प्रवास त्याने एका आयुष्यात पाहिला.

पुढची गादी घरच्या माणसाकडे नव्हती. अल्बर्ट अर्स्किन हा हिशेबनीस माणूस अध्यक्ष होता. १९२९ नंतरची मंदी अमेरिकेवर कोसळली, तेव्हा ही लाट लवकरच ओसरेल अशा समजुतीने त्याने भागधारकांना नफ्याहून अधिक लाभांश वाटला. गंगाजळी आटली. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनीची दिवाळखोरी जाहीर झाली आणि त्याच वर्षी १ जुलैला अर्स्किनने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले.

तरीही कारखाना मेला नाही. पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हॅन्स या दोघांनी तो सावरला. १९३९ मध्ये 'चँपियन' ही हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी निघाली आणि लोकांनी ती उचलून धरली. दुसऱ्या महायुद्धात तर साउथ बेंडने सुमारे दोन लाख लष्करी ट्रक तयार केले. त्यांतले पुष्कळसे रशियाला गेले आणि 'कात्युशा' या प्रसिद्ध अग्निबाणांचे साचे त्यांच्या पाठीवर चढले. हेन्री हयात असता तर काय म्हणाला असता, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

*

आता ज्यांनी या गाड्या घेतल्या, त्यांच्याविषयी थोडे सांगतो. कारखान्याचा इतिहास कचेरीत लिहिला जातो. गाडीचा इतिहास लिहितो तिचा मालक.

स्टुडेबेकरचा मालक हा अमेरिकेत थोडा वेगळा माणूस समजला जाई. शेजारच्या दहा घरी फोर्ड किंवा शेव्हरोले असताना याच्या दारात मात्र साउथ बेंडची गाडी. तिच्यात त्याला काही खास सोयी मिळत. १९३६ मध्ये त्यांनी चढावर गाडी धरून ठेवणारी एक युक्ती काढली. घाटात गाडी थांबवून पुन्हा पुढे नेताना चालकाची कशी त्रेधा उडते, हे जाणकारांना सांगायला नको. एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, आणि ॲक्सिलरेटर दाबायला तिसरा पाय देवाने दिलेला नाही! या गाडीत चढावर क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक आपोआप धरून राही. क्लच सोडू लागताच ब्रेक सुटे. गाडी तसूभर मागे येत नसे. कडाक्याच्या थंडीत पुढच्या आसनाखालून ऊब देणारी योजनाही त्यांनी केली होती.

युद्ध संपल्यावर इतर मोठे कारखाने जुनेच साचे थोडेफार रंगवून विकत होते. स्टुडेबेकरने १९४७ च्या सालासाठी अगदी नवी गाडी काढली. तिच्या मागची काच एवढी प्रशस्त आणि वळणदार होती की ही गाडी येते आहे की जाते आहे, असे लोक थट्टेने विचारीत. रेमंड लोवी या नामांकित रचनाकाराच्या चमूचे हे काम. १९५० ची गाडी तर तोंडाकडून विमानासारखी दिसे. मालक थट्टा ऐकून घेत आणि गाडी पुसत बसत. त्याच सुमारास आपल्याकडेही हे नाव पोचले. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये स्टुडेबेकर गाड्यांची जुळणी होत असे.

त्या दिवसांत कंपनीच्या जाहिरातींत बापलेकांच्या जोड्या झळकत. बाप त्याच कारखान्यात, मुलगाही त्याच कारखान्यात. दोघे शेजारी उभे. आमच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाने घडतात, हा त्यातला भावार्थ. त्या जोड्या खऱ्या होत्या, आणि म्हणूनच पुढची गोष्ट अधिक जड वाटते.

दोष नव्हते असे नाही. १९५३ ची सुंदर, ठेंगणी दोन दारांची गाडी पाहून लोक हरखले. पण कारखान्याने चार दारांच्या गाड्याच अधिक करण्याची तयारी ठेवली होती. गाडीचा सांगाडा लवचिक निघाला आणि पुढचे पत्रे बसता बसेनात. पुढच्या चाकांवरचे पत्रे गंजतात, ही मालकांची नेहमीची तक्रार. १९६३ मध्ये मागचे छप्पर सरकविता येईल अशी एक गाडी निघाली. उंच कपाट उभे ठेवून न्यावे, अशी झकास कल्पना; पण पाऊस आला की त्या छपरातून पाणी आत! अशा गाडीवरही लोकांनी जीव लावला. आपल्या घरातले वडीलधारे माणूस हेकट असले तरी आपलेच असते, तसेच हे.

*

दरम्यान, मोठ्या तीन कंपन्यांशी सामना अवघड होत चालला होता. फोर्ड आणि शेव्हरोले यांनी किमतींची चढाओढ लावली, ती छोट्यांना सोसवेना. साउथ बेंडच्या इमारती जुन्या आणि उत्पादन थोडे. १९५४ मध्ये पॅकार्ड कंपनीशी मीलन झाले. पण दोन आजारी माणसे एका खाटेवर निजविल्याने दोघेही बरे होत नाहीत. त्याच वर्षी कामगारांनी मत देऊन स्वतःची मजुरी कमी करून घेतली. कारखाना जगावा म्हणून मजुराने आपल्या ताटातली भाकरी काढून दिल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. १९५९ च्या 'लार्क' या छोट्या गाडीने थोडा श्वास मिळाला. पुढच्याच वर्षी मोठ्यांनीही छोट्या गाड्या काढल्या आणि तो श्वासही कोंडला.

९ डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. नाताळ दोन आठवड्यांवर आलेला. २० डिसेंबरला तिथली शेवटची गाडी बाहेर पडली आणि सुमारे ७,००० माणसांचे काम गेले. कॅनडातील हॅमिल्टनचा छोटा कारखाना मार्च १९६६ पर्यंत चालला, तोही मिटला.

नोकरी जाणे हे दुःख मोठेच. पण त्याहून मोठे पुढे होते. 'पेन्शन' हा शब्द आम्हा शिक्षकांच्या खोलीत किती जपून उच्चारला जातो, हे मी रोज ऐकतो. म्हणून हा भाग मला लवकर उरकता येत नाही. स्टुडेबेकरच्या कामगारांना १९५० मध्ये संघटनेच्या कराराने पेन्शन मंजूर झाले होते. मागील नोकरीची वर्षेही त्यात धरली होती, पण त्या वर्षांचा पैसा एकदम भरायचा नव्हता. तो पुढल्या तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने जमा व्हायचा होता. म्हणजे वचन आज आणि पैसा उद्या! मधल्या काळात पेन्शनची रक्कम वाढत गेली, वचन मोठे झाले, आणि हप्ते पुरे होण्याआधीच कारखाना गेला.

निधीत जे होते, ते वाटायला बसले. जे निवृत्त झाले होते आणि जे साठीला पोचले होते, अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, दहा वर्षांहून अधिक नोकरी झालेले सुमारे ४,००० जण होते. त्यांचे सरासरी वय ५२, आणि सरासरी नोकरी जवळजवळ २३ वर्षांची. त्यांना रुपयातले पंधरा पैसे म्हणावेत एवढाच वाटा एकरकमी मिळाला. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीही नाही. एकोणसाठीचा माणूस आणि साठीचा माणूस एकाच यंत्रापाशी उभे असतील. एकाचे म्हातारपण निभावले, दुसऱ्याचे उघडे पडले. जाहिरातीतल्या त्या बापलेकांची आठवण मला इथे होते. बापाला पुरे पेन्शन आणि मुलाच्या हाती पंधरा पैसे, असेही एखाद्या घरात झाले असेल.

विशेष म्हणजे यात कुणी चोरी केली नव्हती. कायद्याने जे करायचे, ते झाले होते. कायद्यातच भोक होते. कामगार संघटनेने हे उदाहरण देशापुढे मांडले. जेकब जॅव्हिट्स यांच्यासारख्या सिनेटरांनी वर्षानुवर्षे तो विषय लावून धरला. अखेर २ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. (या फोर्डांचा मोटारींच्या फोर्डशी काही संबंध नाही.) मालकाने पेन्शनचा पैसा वेळेवर बाजूला ठेवलाच पाहिजे, ठरावीक वर्षे झाली की कामगाराचा हक्क काढून घेता येणार नाही, आणि कंपनी बुडालीच तर एका विमा मंडळाने ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन चालू ठेवावे, अशी व्यवस्था त्यातून आली.

स्टुडेबेकरचे मालक आजही आपल्या गाड्या सांभाळून आहेत. त्यांचे मंडळ १९६२ मध्ये, म्हणजे कारखाना जिवंत असतानाच स्थापन झाले. कारखाना मिटला तेव्हा सुट्या भागांचा साठा एवढा उरला होता की पुढे कित्येक दशके तो पुरला. साउथ बेंडच्या संग्रहालयात त्या घराण्याच्या जुन्या घोडागाड्या आणि शेवटच्या मोटारी एका छपराखाली पाहायला मिळतात. गाडीवाल्यांना त्यांचे सुटे भाग मिळत राहिले, याचा मला आनंदच वाटतो.

पण कुणाचे देणे लागू नये म्हणणाऱ्या लोहाराच्या घराण्याच्या नावावर जे देणे राहिले, ते निराळे होते. अमेरिकेतल्या कोट्यवधी नोकरदारांच्या म्हातारपणाला १९७४ च्या कायद्याने जो आधार दिला, त्यात साउथ बेंडच्या त्या चार हजारांचा वाटा आहे. त्यांना स्वतःला मात्र त्या कायद्याने मागाहून काही मिळाले नाही. देणे फिटले, पण ज्यांचे होते, त्यांच्या पदरात ते पडले नाही.