विजेवरील सायकलच्या बॅटरीची निगा : एका व्यावहारिक ज्ञानाचा इतिहास

प्रास्ताविक

विज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधक यांना जे स्थान मिळते, ते वस्तू टिकविण्याच्या ज्ञानाला मिळत नाही. विद्युत घट कोणी शोधला याची नोंद पाठ्यपुस्तकांत असते. परंतु तो वापरणाऱ्याने त्याची निगा कशी राखली, निगेचे नियम त्याला कोठून मिळाले आणि ते केव्हा कालबाह्य झाले, याची नोंद सहसा होत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. १९९३ नंतरच्या सुमारे दीड दशकात या वाहनाने शिसे, निकेल आणि लिथियम अशी बॅटरीची तीन रसायने पाहिली. प्रत्येक रसायनाचा निगेचा नियम आधीच्या नियमाला छेद देणारा होता. रसायन बदलले, सवय मात्र मागे राहिली. या विसंगतीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

‘भरलेली ठेवा’ : शिसे-आम्ल बॅटरीचा नियम

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा प्रभारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून तिची क्षमता वाढविली. त्याच वर्षी गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये बॅटरीवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेवरील सायकलचे एकस्व मिळाले. त्यात मोटर मागील चाकाच्या तुंब्यात, तर बॅटरी सायकलच्या चौकटीत होती.

या बॅटरीच्या निगेमागील रसायनशास्त्र तोवर बरेच स्पष्ट झाले होते. ग्लॅडस्टन आणि ट्राइब या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ च्या सुमारास दाखवून दिले की, वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. बॅटरी तशीच पडून राहिली तर या सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुढे चार्जिंग करूनही मूळ रूपात परतत नाहीत. म्हणून नियम असा झाला की बॅटरी कधीही रिकामी ठेवू नये. वापर होताच ती पूर्ण भरावी, आणि भरलेल्या अवस्थेतच साठवावी. जास्त चार्जिंगमुळे उडून गेलेले पाणी डिस्टिल्ड वॉटर घालून भरून काढावे, हा त्याचाच जोडनियम.

मात्र हे काम करणारा माणूस वाहनाचा चालक नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून धावलेल्या विजेच्या टॅक्सींच्या बॅटऱ्या गॅरेजमध्ये काढून दुसऱ्या बसविल्या जात आणि उतरविलेल्या बॅटऱ्यांची देखभाल प्रशिक्षित कामगार करीत. सायकलस्वाराच्या दिमतीला अशी यंत्रणा असणे शक्यच नव्हते. विजेवरील सायकल त्यानंतर अनेक दशके बाजाराबाहेर राहिली, त्याला पेट्रोल इंजिनाइतकेच बॅटरीचे वजन आणि तिची नाजूक प्रकृती ही कारणेही होती.

जपानमध्ये १९९३ साली यामाहाने ‘पास’ ही पायडलला साहाय्य करणारी सायकल विक्रीस आणली, तिच्यातही प्रारंभी शिसे-आम्ल बॅटरीच होती. चीनमध्ये तर बारा व्होल्टच्या तीन किंवा चार बंदिस्त बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली सायकल दीर्घकाळ सर्वसामान्यांचे वाहन ठरली. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराला बॅटरीच्या निगेचा पहिला धडा सायकलने नव्हे, तर २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरने दिला. घरातील वडीलधाऱ्यांचा ‘बॅटरी नेहमी फुल्ल ठेवावी’ हा आग्रह तेथूनच आलेला आहे. त्या बॅटरीसाठी तो सर्वस्वी योग्य होता.

‘पूर्ण संपवा’ : निकेलचा वारसा

स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निर्माण केलेली निकेल-कॅडमिअम बॅटरी नव्वदच्या दशकात जपानी सायकलींत आली. ती दरवेळी ठरावीक प्रमाणातच वापरून भरली, तर तेवढ्याच मर्यादेची तिला जणू ‘स्मृती’ राहते, असे मानले गेले. हा परिणाम तंतोतंत एकसारखी चक्रे होणाऱ्या वापरात दिसतो. रोज निरनिराळे अंतर कापणाऱ्या सायकलीत तो संभवणे कठीणच. तरीही ‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये’ हा नियम लोकमान्य झाला. खरे तर अनेक घटांची माळ तळापर्यंत संपविली की तिच्यातील सर्वांत अशक्त घटाची ध्रुवता उलटते आणि तो कायमचा बिघडतो. म्हणजे हा नियम आपल्या काळातही अर्धसत्यच होता. पण सुरुवातीच्या मोबाइल फोनमधील निकेल बॅटऱ्यांबरोबर तो घराघरांत पोहोचला, आणि अर्धसत्ये अधिक काळ टिकतात.

लिथियम : दोन्ही टोके वर्ज्य

स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून घडलेली लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००० नंतरच्या दशकात ती सायकलवर आली आणि आधीचे दोन्ही नियम एकदमच निरुपयोगी झाले.

लिथियम घटाच्या ग्राफाइटच्या ऋणाग्रावर एक सूक्ष्म पापुद्रा असतो. अशा पापुद्र्याचे विवेचन इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये केले होते. हा पापुद्रा घटाचे रक्षण करतो, पण तो वाढत गेला की उपयोगी लिथियम खर्च होते. घट पूर्ण भरलेला व गरम असेल तर ही झीज वेगाने होते. उलट व्होल्टता फार खाली गेली तर ऋणाग्रामागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि असा घट पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो. म्हणून सायकल दोन-तीन महिने वापरायची नसेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवणे इष्ट. विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी जुन्या नियमानुसार उत्तम सांभाळलेली असते. प्रत्यक्षात ती झिजत असते.

जुन्या सवयीचा सर्वांत गंभीर परिणाम चार्जरच्या बाबतीत संभवतो. शिसे आणि लिथियम या दोन्ही प्रकारच्या संचांवर ‘४८ व्होल्ट’ असेच छापलेले असते. चार शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा चार्जर सुमारे ५८.८ व्होल्टपर्यंत जातो, तर तेरा लिथियम घटांच्या प्रचलित संचाची कमाल मर्यादा ५४.६ व्होल्ट असते. जुना चार्जर नव्या संचाला लावला तर प्रत्येक घटावर ४.२ ऐवजी ४.५ व्होल्ट पडतात. संचातील संरक्षक मंडल हा प्रवाह तोडते; पण स्वस्त संचात ते निकृष्ट असेल तर पुढे आगच. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, हा समज येथे घातक ठरतो. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगींत १८ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी तेथे विजेवरील सायकली व त्यांच्या बॅटऱ्या प्रमाणित असल्याशिवाय विकण्यास बंदी घालणारा कायदा अमलात आला. चीनमध्येही नानजिंग येथील एका निवासी इमारतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ जणांचा बळी घेणारी आग लागली. तिचा उगम विजेच्या सायकली ठेवलेल्या तळमजल्यावर होता. त्याच वर्षी सायकलींच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी सक्तीचे राष्ट्रीय मानक तेथे लागू झाले. भारतात मात्र २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी नाही की चालकाला परवाना नाही. ही सवलत स्वागतार्हच. परंतु त्यामुळे निगेचे ज्ञान वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आणि सोबतच्या पत्रकावर येऊन पडते, आणि ते पत्रक बहुधा मराठीत नसते.

आता ‘वीस ते ऐंशी टक्के’ हा नवा नियम सर्वत्र सांगितला जातो. तोही सर्व रसायनांना सारखा लागू नाही. अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठात अभ्यासलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोह-फॉस्फेट धनाग्राच्या बॅटरीची व्होल्टता बहुतांश काळ जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे किती वीज उरली याचा दर्शकाचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि तो सुधारण्यासाठी ती बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरावीच लागते. इन्व्हर्टरला पाणी घालणाऱ्या पिढीचा नियम अशा रीतीने, निराळ्या कारणासाठी, काही सायकलींपुरता परत आला आहे.