भोंगा आणि फळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिना लागला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक छायाचित्र हमखास येते. टाय लावलेले चार-सहा पदाधिकारी, त्यांच्या पुढ्यात गणवेशातली मुले, आणि प्रत्येक मुलाने छातीशी धरलेला वह्यांचा संच. खाली ओळ असते : अमुक क्लबतर्फे शालेय साहित्याचे वाटप. या छायाचित्राची थट्टा करणे फार सोपे आहे. मी ती करणार नाही. एका घरातली चार मुले शाळेत जात असली म्हणजे डझनभर वह्यांचे मोल काय असते, ते मला माहीत आहे. शिवाय रोटरीच्या माणसांनी १९८५ पासून पोलिओचा पिच्छा पुरवला, लसीकरणासाठी वाड्यावस्त्यांचे आणि आमच्या मोहल्ल्यांचेही उंबरे झिजवले, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. टाय लावणाऱ्यांनी केलेले हे काम काही लहान नव्हे.

पण 'सेवा क्लब' ही चीज आपल्याकडे साहेबाच्या देशातून आयती आली, असा जो एक समज आहे तो मात्र तपासून घ्यायला हवा. १९०५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना जमवून रोटरी सुरू केली. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. रोटरी मुंबईत पोचली ती १९२९ मध्ये. तोवर या शहरात, आणि तेही गिरण्यांच्या धुरात, सेवेचा एक अस्सल देशी क्लब अठरा वर्षांचा झालेला होता. त्याचे नाव मात्र इंग्रजी होते : सोशल सर्व्हिस लीग.

ही लीग १९११ साली काढली नारायण मल्हार जोशी यांनी. हे मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, जन्म १८७९ चा. शिकले पुण्यात, काही वर्षे शिक्षकी केली, आणि १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. आज ना. म. जोशी म्हटले की मुंबईकराला लोअर परळचा रस्ता आठवतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला कामगार चळवळ. पण त्यांच्या मुंबईतल्या कामाची सुरुवात संपाने झाली नाही, ती शाळेने झाली. लीगचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, म्हणजे प्रार्थना समाजाचे पुढारी आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती. कार्यकर्ते बहुतेक शिकलेले, पांढरपेशे, संध्याकाळचे दोन तास देऊ शकणारे.

त्यांनी काय काय केले याची यादी वाचली की आजच्या एखाद्या उत्साही क्लबचा वार्षिक अहवाल वाचतो आहोत असे वाटते. दिवसाच्या शाळा, रात्रशाळा, मोफत वाचनालये, दवाखाने, गरिबांना कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा, मुलांचे क्लब, बालवीरांची पथके. कर्जात बुडालेल्या कामगारांसाठी सहकारी पतपेढ्या. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फिरती वाचनालये. पुस्तके वाचकाकडे पाठवायची, वाचकाने कचेरीची पायरी चढण्याची वाट बघायची नाही. त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडायला सुरुवात केली होती. तिथे मागे राजाची तिजोरी होती. इथे वर्गणीदारांच्या पावत्या होत्या.

त्या वेळचा काळोख किती होता ते आकड्यात सांगतो. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात दर हजारी ५९ माणसांना लिहिता-वाचता येत होते. बायकांचे प्रमाण हजारी १०. मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या वर गेलेली, आणि त्यातला गिरणगाव रत्नागिरीच्या नि साताऱ्याच्या माणसांनी भरलेला. एकेका खोलीत गावकऱ्यांचा गाळा. ज्या गाळ्यात एक माणूस वाचणारा असे, त्याच्याभोवती रविवारी पत्रे घेऊन बाकीचे बसत. बायकोला लिहायचा मजकूर दहा जणांच्या देखत सांगायचा. मी कवी आहे, म्हणून असेल, मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. निरक्षर माणसाचे पैसे सावकार लुटतो हे आपण नेहमी बोलतो. त्याचे खाजगीपणही लुटले जाते, हे सहसा बोलत नाही.

मग लीगच्या शाळांनी गिरणगाव साक्षर केला का? नाही. इथेच या इतिहासातला खरा पेच आहे.

गिरण्यांत त्या काळी मुले कामाला असत. ती अर्ध्या वेळेची, म्हणून त्यांना 'हाफ टायमर' म्हणत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, म्हणजे सात वर्षांचे पोर चालत होते! १८९१ मध्ये ही अट नऊ वर्षांवर नेली आणि मुलांचे तास सातवर आणले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ते सहा झाले. कागदावर पाहिले तर उरलेल्या वेळात शाळा सहज बसायला हवी. प्रत्यक्षात काही पोरे एका गिरणीतून सुटून दुसऱ्या गिरणीत दुसऱ्या नावाने लागत. जी लागत नसत ती रिंग खात्यात बाबिनी बदलून, कापसाची तूस नाकातोंडात घेऊन वर्गात येत आणि बसल्या जागी पेंगत. मोठ्यांची तऱ्हा वेगळी नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी सूर्य मावळला की साचा थांबे. दिवे आल्यावर कामाचा दिवस बारा-तेरा तासांपलीकडे गेला. पुस्तकात आपण वाचतो की वीज आली आणि रात्रीचा अभ्यास सोपा झाला. गिरणगावात वीज आली ती आधी यंत्रांसाठी, आणि तिने रात्रशाळेचीच वेळ खाल्ली.

गोखल्यांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. आजच्या मानाने ते किती सौम्य होते! सहा ते दहा वर्षांची मुले, तीही आधी फक्त मुलगे. ज्या गावात ठरावीक प्रमाणात मुले अगोदरच शाळेत जात असतील तिथेच सक्ती, आणि ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्या पालकांना फी माफ. मुंबईच्या मुसलमानांतर्फे निवडून गेलेले तरुण बॅरिस्टर जीना यांनी विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. पण सरकारला खर्च नको होता, जमीनदारांना मजूर हातचे जातील अशी धास्ती होती. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले.

म्हणजे एकीकडे कायदा पडलेला, आणि दुसरीकडे लीगचे स्वयंसेवक कंदील घेऊन चाळीत उभे. अशा वेळी पुष्कळ सेवाभावी माणसे म्हणतात, आपण आपले काम करत राहावे, राजकारणात पडू नये. हे बोलणे मला नेहमी अर्धवट वाटत आले आहे. जोशींनी शाळा सोडल्या नाहीत. उलट महायुद्धानंतर टाटांच्या आणि करीमभाई इब्राहिम यांच्या गिरण्यांनी कामगारांसाठी ज्या संस्था काढल्या, त्याही चालवायला लीगनेच घेतल्या. करीमभाई हे मुंबईतले बडे खोजा गिरणीमालक. त्यांच्या नावाच्या संस्थेत शिक्षणाचा कारभार एका कोकणस्थ मास्तराच्या संस्थेने बघावा, यात त्या काळी कुणाला काही वावगे दिसले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पण जोशींच्या ध्यानात आले होते की पाटी फुकट दिली तरी ती धरायला हातात त्राण हवे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. परतल्यावर १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढे होते, १९२१ पासून मध्यवर्ती कायदे मंडळात कामगारांचे नियुक्त सभासद. वॉशिंग्टनच्या ठरावांचा परिणाम म्हणून १९२२ चा कारखाना कायदा आला आणि बारा वर्षांखालच्या मुलांना गिरणीचे दार बंद झाले. मोठ्यांचा आठवडा साठ तासांचा झाला. इकडे विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला होता. त्यापाठोपाठ १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते नेमके 'एफ' आणि 'जी' या दोन वॉर्डांत. परळ, दादर, वरळी, म्हणजे गिरणगाव.

ज्या वस्तीत लीगच्या शाळा नऊ-दहा मुलांच्या पेंगण्याशी झुंजत होत्या, त्याच वस्तीत आता मूल शाळेत नसेल तर पालिका विचारायला येणार होती. कवी नारायण सुर्वे यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर सापडलेले हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने घरी नेले, वाढवले आणि पालिकेच्या शाळेत घातले. १९३६ साली ते चौथी पास झाले. पुढे पोटासाठी पडेल ते काम, त्यात पालिकेच्या शाळेतली शिपायाची नोकरीही आली. मग राहिलेली परीक्षा देऊन १९६१ मध्ये ते पालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. सुर्व्यांच्या प्रतिभेचे श्रेय कुठल्या कायद्याला देण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण त्या चौथीच्या वर्गाशिवाय ती प्रतिभा कागदावर कशी उतरली असती?

रात्रशाळांचे पुढे काय झाले? त्या टिकल्या, वाढल्या. माझे वडील १९५० च्या दशकात रत्नागिरीकडून येऊन साचेखात्यात लागले, ते अक्षर शिकले अशाच एका रात्रशाळेत. महिनाभर शाळा, मग पाळी बदलली की महिनाभर बुट्टी. बाराखडी पुरी व्हायला त्यांना दोन वर्षे लागली. त्यानंतर मात्र गाळ्यातली पत्रे तेच वाचू लागले, हिंदूंची आणि मुसलमानांची सारखीच, आणि बायकोचे पत्र असेल तर ज्याचे त्याला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात वाचून दाखवीत. हे मला त्यांच्या एका जोडीदाराकडून कळले. ते स्वतः अशा गोष्टी सांगत नसत.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. लीगने १९२२ साली परळला उभारलेले दामोदर नाट्यगृह, जिथे कामगारांच्या नाटकांनी शतक गाजवले, तेही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले आणि रंगकर्मींना त्यासाठी आवाज उठवावा लागला. मात्र मुले आणि त्यांचे वाचन हा प्रश्न शहर सोडून गेला नाही. १९९० च्या दशकात मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' सुरू केली. देवळाची ओसरी, कुणाच्या घरची रिकामी खोली, जागा मिळेल तिथे बालवाडी. चव्हाणांचे वडील यशवंत चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे, गिरणी कामगारांचे पुढारी. लीग ते युनियन हा जोशींचा प्रवास इथे एका घरात उलट दिशेने झालेला दिसतो.

आणि याच संस्थेच्या 'असर' पाहणीने २००५ पासून आपल्याला दुसरी अडचण दाखवली. गोखल्यांनी मागितला तो हक्क, त्याहून कितीतरी मोठा, २००९ च्या कायद्याने मिळाला. मूल शाळेत आले. पण ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा धड वाचता येत नाही, असे या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. जोशींच्या काळी शिकवायला माणूस होता, मुलाला वेळ नव्हता. आता मुलाला वेळ आहे, शाळा आहे, दुपारची खिचडी आहे; शेजारी बसून अडखळणारी ओळ पुन्हा वाचून घेणारे कुणी नाही. कायद्याला हे काम जमत नाही. सहा महिने, दर आठवड्याला, त्याच मुलाजवळ त्याच माणसाने बसावे लागते. त्याचे छायाचित्रही काही चांगले येत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एका क्लबाने अलीकडे वह्यावाटप थांबवून हे सुरू केले आहे. निवृत्त बँकवाले, एक कंपाउंडर, दोन-तीन गृहिणी. शनिवारी सकाळी शाळा सुटली की दीड तास, एकेकाकडे तीन मुले. मला उद्घाटनाला बोलावले होते, मी म्हटले उद्घाटन नको, मुले द्या. माझ्या वाट्याला आलेल्या तिघांपैकी एकीला जोडाक्षर आले की घाम फुटतो. 'स्वयंपाक' हा शब्द आम्ही तीन शनिवार लढवतो आहोत. परवा क्लबचे सेक्रेटरी सांगत होते, वह्यांना देणगीदार अजून मिळतात, शनिवारी बसायला माणसे मिळत नाहीत. यादीत मुले चाळीस आहेत आणि आम्ही नऊ जण.